ठाण्यात बसवलेली कानबाई

आमची कानबाई चार वर्षं पोलीस ठाण्यात होती. चांदीचा मुखवटा, नथ, पुतळ्यांची माळ आणि एक जुना नारळ, असा तिचा संसार. खानदेशाबाहेरच्या माणसाला यातली देवी कोणती ते सांगावं लागतं. देवी म्हणजे नारळ. बाकी तिचे दागिने.

हा नारळ माझ्या आजीच्या सासूपासून घरात आहे. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी तो कलशावर बसवायचा, मुखवटा आणि नथ घालायची, घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू दळून त्याचे रोट करायचे. दुसऱ्या दिवशी वाजतगाजत नदीवर न्यायचा, पाण्यात बुडवायचा आणि परत घरी आणायचा. तो कधी फोडत नाहीत. घरातली थोरली बाई आपल्या हातानं तो सुनेच्या ओटीत घालते, म्हणजे घर सुनेच्या स्वाधीन झालं. इतकी वर्षं सुकल्यावर आतलं खोबरं सुटून त्याचा गोटा झालेला आहे. हलवला की ठक्क वाजतो.

बेचाळीसच्या श्रावणात धाकट्या भावानं गावच्या चावडीवर झेंडा लावला आणि तो पसार झाला. पोलिसांनी त्याच्याऐवजी घरातली कानबाईची पेटी उचलली. आई दारात आडवी उभी राहिली. “चांदी लई जा. नारय ऱ्हाऊ दे.” जमादार इकडचाच होता, त्यानं मान खाली घातली, पण पेटी गाडीत गेली. पंधरवड्यात भाऊही सापडला आणि तुरुंगात गेला.

पुढचे तीन श्रावण आमच्याकडे कानबाई बसली नाही. भाऊबंद म्हणाले, नवीन नारळ बसवा, देवीला सगळे सारखेच. आई म्हणाली, “बाई तुरुंगात गई म्हणून दुसरी लयतस का?”  तिला आता दिसायचं कमी झालं होतं, छातीत कफ होता. मला धास्ती एवढीच होती, की नारळ सुनेच्या ओटीत घालायच्या आत ती जाईल. तिला स्वतःला ती धास्ती नव्हती. ती म्हणायची, नारळ आल्याशिवाय मी जात नसते.

सेहेचाळीस साली आपल्या लोकांचं मंत्रिमंडळ आलं, भाऊ आधीच सुटला होता, आणि जप्त माल परत न्या असा निरोप एरंडोलच्या ठाण्यातून आला. मी जळगावच्या जिनात कापसाची वजनं पाहतो. रजा काढून आईला घेऊन गेलो.

फौजदार कोकणातला, नवा, नीटनेटका माणूस. त्यानं माझ्यासमोर सोनाराकडून चांदी तोलून दाखवली. एक गुंजही कमी नव्हती, हे मी मुद्दाम लिहितो. नथीचे मोतीही सगळे होते. नारळ मात्र नव्हता.

“सही करा. सर्व माल पोचला.”

“सर्व नाही पोचला,” मी म्हणालो.

“अहो, दोन आण्यांचा नारळ! आमच्याकडे असे झाडाखाली पडलेले असतात.”

“मग तुमच्याकडच्या झाडाखालचा तुमच्याकडेच राहू द्या. आमचा द्या.”

तो हसला. त्यानं शिपायाला काही सांगितलं. थोड्या वेळानं शिपाई एक नारळ घेऊन आला, शेंडी उपटलेला, वर कुंकू माखलेलं. “हा घ्या. सापडला.”

आईनं तो दोन्ही हातांत घेतला. बघितला नाही, कानाशी नेऊन हलवला. आत पाणी डुचमळलं. “हाई मनी नही,” ती म्हणाली. “इना पोटमा पानी शे.” आणि तिनं तो टेबलावर, फौजदाराच्या टोपीशेजारी ठेवला.

मी सही केली नाही. चांदीही घेतली नाही. निघताना आई जमादाराला म्हणाली, “भाऊ, साहेबले सांग. ती मधमा शे, तं आम्ही आठेच येसुत.”

ती आत आहे तर आम्ही इथेच येऊ, हे बोलणं मला रागाचं वाटलं. पण येत्या रविवारी कानबाई होती, आणि आईनं भाऊबंदांच्या घरोघरी दळण टाकायला सांगितलं. धाकट्या भावाच्या नावाची सव्वा मूठ तिनं सर्वांत आधी जात्यात घातली.

रविवारी आमच्या चार गाड्या ठाण्याच्या आवारात सुटल्या. बायकांनी निंबाखाली तीन दगडांच्या चुली मांडल्या, जप्त माल ठेवतात त्या मालखान्याच्या दाराशी चौरंग ठेवला, त्यावर रिकामा कलश. मग दाराकडे तोंड करून गाणी सुरू झाली. फौजदार धावत बाहेर आला.

“ही बेकायदा गर्दी आहे! काय चालवलंय?”

“कानबाई,” मी म्हणालो. “ती बाहेर येत नाही, म्हणून आम्ही आत आलो.”

“मी सगळ्यांना आत टाकीन.”

माझी एक चुलती रोट थापता थापता म्हणाली, “टाका ना साहेब. पन चुली बी मधमा लई चला, रोट कच्चा ऱ्हाई जाई.”

बायका खदाखदा हसल्या. दुपारपर्यंत गावातल्या बायकाही ओटी घेऊन येऊ लागल्या. त्यात जमादाराची बायको होती. फौजदारानं जमादाराकडे पाहिलं. जमादार निंबाकडे पाहत राहिला. त्या दिवशी कोणी लाठी उगारली नाही. पण उगारली असती तरी चुली विझल्या नसत्या, एवढं मी त्या बायकांचे चेहरे पाहून सांगतो.

अखेर मालखान्याची किल्ली निघाली. जप्त झेंड्यांच्या गठ्ठ्यांमागे, धुळीत, नारळ सापडला. एका बाजूचा काथ्या उंदरांनी नेला होता. करवंटी शाबूत होती. आईनं तो कानाशी धरला.

ठक्क.

 घरी जाईपर्यंत ती थांबली नाही. तिथेच, ठाण्याच्या पायरीवर, तिनं माझ्या बायकोला पदर पसरायला लावला आणि नारळ तिच्या ओटीत घातला. मग चांदीही बाहेर आली, नारळ कलशावर बसवून मुखवटा चढवला. दुसऱ्या दिवशी आम्ही तिला अंजनी नदीत बुडवून घरी आणलं. फौजदारानं आणवलेला नारळ आठवडाभर त्याच्या टेबलावरच होता म्हणे.

त्या रविवारी संध्याकाळी सहीचा कागद पुन्हा माझ्यापुढे आला. “सर्व माल परत दिला” असं त्यावर होतं. मी “परत दिला” खोडलं, वर “परत घेतला” लिहिलं आणि खाली सही केली. फौजदार म्हणाला, खाडाखोड चालत नाही. मी म्हणालो, मग कागद तुम्हीच ठेवा. आमच्याकडे नारळ आहे.