राळ चावणारा ब्रूनो

जर्मनीतल्या गोर्लिट्झच्या भिंगांच्या कारखान्यात सगळ्यात उग्र वासाची खोली ब्रूनो चिशेची. दारात उभं राहिलं तरी डोळ्यांना धारा लागायच्या. आत चुलीवर तांब्याचं पातेलं, त्यात राळ, लाकडाचं डांबर आणि थोडं मेण रटरटत असायचं. त्या राळेचा थर लोखंडी साच्यावर चढवायचा, वर तांबडी भुकटी आणि पाणी टाकून काच फिरवत बसायचं, तेव्हा कुठे भिंगाला झिलई यायची. राळ मऊ पडली की भिंगाची कड खचते, कडक झाली की ओरखडे उठतात. आणि राळ नेमकी झाली का, हे सांगणारं यंत्र अख्ख्या कारखान्यात एकच होतं: ब्रूनोचे पुढचे दात.

पातेल्यातून राळेची काडी ओढायची, पाण्यात थंड करायची, हलकेच चावायची. दात रुतला पाहिजे, पण काडी मोडता कामा नये. एवढंच. पण हे एवढंच दुसऱ्या कुणाला जमलं नव्हतं.

कारखाना म्हाताऱ्या टिट्झेनं चष्म्याच्या काचा घासता घासता मागच्या पडवीत सुरू केलेला. पुढे घडीच्या कॅमेऱ्यांची भिंगं आली, मग माणसांचे चेहरे लोण्यासारखे मऊ उतरवणारं तीन काचांचं ‘लुसानार’ आलं. फोटोवाले ते परदेशातून मागवायचे. महायुद्धात तोफांच्या दुर्बिणी केल्या. लढाई संपली तसे रशियन सैनिक यंत्रं उचलून घेऊन गेले, दारावर सरकारी पाटी चढली. राळेचं पातेलं तेवढं कुणाला न्यावंसं वाटलं नाही. राळ कुठे मिळेना, तेव्हा ब्रूनो पाइनच्या रानात जाऊन झाडांची खोडं खरवडायचा. लढाईनंतरचं पहिलं लुसानार त्या रानातल्या राळेवर घासलं गेलं, हे तिथल्या बायका अजून अभिमानानं सांगतात.

अशा माणसाचा दात दुखायला लागला.

त्यानं कुणाला सांगितलं नाही. गालाला मफलर गुंडाळून, भर उन्हाळ्यात, “वारं लागलंय,” म्हणायचा. काडी पुढच्या दातांऐवजी कडेच्या दाढेनं चावायला लागला.

आठवड्याभरात भिंगं तपासणारा डोर्निक उस्ताद भिंगांचा ट्रे घेऊन घासणाऱ्या बायकांच्या दालनात आला. नमुन्याची काच भिंगावर ठेवली की रंगीत वर्तुळं दिसतात. ती कडेला वाकडी झाली होती. तो थेट हेर्तापाशी थांबला. हेर्ता म्हणजे ब्रूनोची बायको, सगळ्यांत हलक्या हाताची.

“हेर्ता, दाबतेस किती! कणीक तिंबतेस का?”

“उस्ताद, माझा हात तोच आहे.”

“मग कडा कुणी खाल्ल्या? सगळा घाणा रद्द करावा लागणार.”

नवऱ्याच्या गालावरचा मफलर कशासाठी, ते हेर्ताला ठाऊक होतं. तेवढ्यात दारातून ब्रूनो म्हणाला, “तिला बोलू नका. राळ मऊ राहिलीय. दात खराब झालाय माझा.”



दातांच्या डॉक्टरकडे गेल्यावर एक नाही, पुढचे सगळेच काढावे लागले. कवळी बसली. पण कवळीला राळ कळेना. “लाकडाच्या फळीनं चावल्यासारखं वाटतं,” तो म्हणाला. डोर्निकनं सरळ सांगितलं, “बाहेरून तयार राळ मागवू. तू गोदामात बस, ब्रूनो. ऊबदार जागा आहे.”

ब्रूनो त्या दिवशी जेवला नाही. बटाट्याचे गोळे ताटात तसेच थंड होत राहिले.

“मेलास की काय?” हेर्ता म्हणाली.

“गोदामात काय करू? खोकी मोजू?”

“मग तोंड उघड ना. मला विचार. माझ्या तोंडात दात आहेत अजून.”

“तुला चव कळायची नाही.”

“इतकी वर्षं बोटांखाली तुझी राळ दाबतेय, मूर्खा. कुठली मऊ, कुठली कडक, झोपेत सांगेन.”

दुसऱ्या दिवशी ती राळेच्या खोलीत आली. ब्रूनोनं काडी ओढली, बुडवली, तिच्या हातात दिली.

“पुढच्या दातांनी. हळू. सफरचंद खातेयस का?”

“शिकवू नको. कच्ची आहे, मऊ.”

“कच्ची नाही.”

“कच्ची आहे म्हणते ना!”

तिच्या दातांचा व्रण त्यानं उजेडात धरून पाहिला, अंगठ्याच्या नखानं दाबला, आणि घट्ट व्हावी म्हणून पातेल्यात आणखी राळ टाकली. असं दुपारपर्यंत चाललं. भांडणाचा आवाज दालनात ऐकू जात होता.

त्या घाण्याची भिंगं डोर्निकनं स्वतः तपासली. खिडकीपाशी गेला, पुन्हा तपासली.

“कडा सरळ आहेत. राळ कुणाची?”

“हेर्ताची,” ब्रूनो म्हणाला.

“काहीतरीच! शिजवली यानं. मी नुसती चावली.”

डोर्निकनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. “बाहेरची राळ मागवत नाही मी. पण भांडायचं असेल तर दार लावून भांडा.”

तो गेल्यावर हेर्तानं बादलीत थुंकलं. “अख्खं रान तोंडात गेलंय. काहीतरी पाज आता.”

ब्रूनोनं कपाटातली जपून ठेवलेली दारूची बाटली काढली, पेला काठोकाठ भरला. हेर्तानं मोठा घोट घेतला, खळखळून चूळ भरली आणि बादलीत टाकली. ब्रूनोचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण त्यानं तिच्यासाठी दुसरा पेला भरला.