दमयंतीचा रिसीव्हर

सिंगापुरातल्या टॅम्पिनीसच्या आमच्या फ्लॅटमधली मागची खोली मी दमयंतीला भाड्याने दिली आहे. युनिव्हर्सिटीत कायद्यावर संशोधन करते. विषय काय, तर शंभरेक वर्षांपूर्वीचे अमेरिकेतल्या रेल्वेचे खटले! "अगं, इथली एमआरटी मेट्रो सोडून तुला त्या मेलेल्या रेल्वेचं कसलं सुतक?" असं मी चिडवायची. एकदा तिने कारण सांगितलं, तेव्हापासून चिडवणं बंद.

ती लहान असताना तिचे वडील साखर कारखान्यात, ऊस वाहणाऱ्या छोट्या रेल्वेवर कामाला होते. कारखाना कर्जात बुडाला, तेव्हा तो चालवायला कोर्टाने एक अधिकारी नेमला. त्याला म्हणायचे रिसीव्हर. त्याच्याच काळात, ब्रेक न लागलेल्या डब्याखाली वडिलांचा पाय गेला. पुढे कारखाना मालकांना परत मिळाला. मालक म्हणाले, तेव्हा आम्ही नव्हतोच, रिसीव्हरला विचारा. रिसीव्हर म्हणाला, माझं काम संपलं, मालकांना विचारा. दोघांनीही हात वर केले. आणि गावात बोभाटा काय, तर ह्याचंच लक्ष नव्हतं! पायापेक्षा ते बाबांना जास्त लागलं. मेल्यांनो, जनाची नाही तर मनाची तरी!

घरात आई रोज म्हणायची, "रिसीव्हर काही बोलत नाही." एवढीशी दमू शेजाऱ्यांकडे जायची, फोनचा रिसीव्हर कानाला लावायची आणि हळूच सांगायची, "माझ्या बाबांची चूक नव्हती हो." हे घरात कुणाला ठाऊक नाही, अशी तिची समजूत.

गेल्या रविवारी माझ्या स्वयंपाकघरातून तिने बाबांना फोन लावला. हात पिठात होते म्हणून स्पीकरवर.

"बाबा, सापडला निकाल. तिकडेही रेल्वे बुडाली, रिसीव्हर आला, कामगार जखमी झाला, रेल्वे मालकांकडे परत गेली. कोर्ट म्हणालं, रिसीव्हरच्या काळातल्या कमाईने सुधारलेली रेल्वे घेतलीत ना, मग त्या काळातली जबाबदारीही घ्या."

"आपल्याला काही उपयोग?"

"नाही, बाबा. आपली दाव्याची मुदत केव्हाच गेली."

"आणि त्या माणसाची चूक नव्हती, असं लिहिलंय?"

"स्पष्ट लिहिलंय."

मग ते म्हणाले, "बरं झालं, दमू. त्याचा तरी फोन कुणी उचलला."

दमयंतीने पिठाचे हात तसेच तोंडावर घेतले आणि ती रडायला लागली.