अंतोनचे दोन बाण

अंतोन एचाबे पाववाल्याकडून पाव घेतला तरी उलटा करून बघतो. चाळीस वर्षं मी त्याची शेजारीण आहे, पण माझ्या हातची कॉफी मी आधी घोट घेतल्याशिवाय तो तोंडाला लावत नाही. फुटबॉलच्या मैदानामागच्या गच्चीवरून फटाक्यांचे बाण सोडायचं काम बंदरातल्या लोकांनी त्याच्याकडेच दिलं, कारण असा माणूस उगाच काही पेटवणार नाही. आपला गोल झाला की दोन बाण, पाहुण्यांचा झाला की एक. समुद्रावरच्या बोटींना त्यावरून कळतं.

त्याचा थोरला भाऊ कोस्मे आपल्या बोटीवर रेडिओ ठेवत नसे. रेडिओवाले पैसे खातात, हे त्याचं ठाम मत. त्याचा विश्वास फक्त अंतोनच्या बाणांवर.

मग आमचा क्लब युरोपच्या स्पर्धेत पोचला आणि तिथले नवे नियम आमच्या डोक्यावर आले. म्हणे, गोल झाला तरी दूर कुठल्याशा खोलीत बसलेली माणसं तो पडद्यावर पुन्हा बघणार आणि त्यात खोट दिसली तर रद्द करायला लावणार. अंतोनने नियमांचा कागद भिंग लावून वाचला. खोलीतल्या माणसांची नावं त्यात नव्हती, तेव्हाच त्याला लबाडीचा वास आला.

तरीही पहिल्या सामन्यात घात झाला. आम्ही एका गोलने मागे होतो, शेवटच्या मिनिटाला आमच्या पोराने बरोबरी साधली आणि एकतीस वर्षांच्या सवयीने अंतोनने दोन बाण सोडले. चार मिनिटांनी गोल रद्द. सोडलेला बाण परत कसा बोलावणार? तिकडे कोस्मेने खलाशांसाठी सफरचंदाच्या दारूच्या बाटल्या उघडल्या होत्या. धक्क्यावर उतरल्यावर त्याला खरं कळलं. तो ओरडला नाही.

"तुलाही विकत घेतलं का रे त्यांनी?" एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी कोस्मेने रेडिओ विकत घेतला आणि भावाशी बोलणं टाकलं. अंतोनचं जेवण सुटलं. मला त्या खोलीतल्या माणसांचा इतका संताप आला की काय सांगू.

तीन आठवड्यांनी पुन्हा घरचाच सामना, पुन्हा एका गोलने मागे, आणि पुन्हा शेवटी आमचा गोल. मैदानावर मी तिकिटं विकते, ती खिडकी सोडून गच्चीवर धावले.

"अरे पेटव की! दादा वाट बघत असेल."

"थांब. काहीतरी शिजतंय," तो म्हणाला. हातातली काडी बोटापर्यंत जळली. त्याने दुसरी ओढली, तीही जळू दिली. मग पंचाने हात हलवला. गोल रद्द झाला, आम्ही हरलो, स्पर्धेतूनही गेलो. अंतोनने बाण पिशवीत परत ठेवले.

संध्याकाळी कोस्मे बोटीवरून थेट अंतोनच्या स्वयंपाकघरात आला. मी नुकतीच कॉफी घेऊन गेले होते. रेडिओवाला गोल गोल म्हणून किंचाळला तेव्हा खलाशी नाचायला लागले, पण बाण वाजले नाहीत म्हणून आपण एकाही बाटलीला हात लावू दिला नाही, असं त्याने मला सांगितलं. भावाकडे बघायला तो अजून लाजत होता. मग रेडिओ टेबलावर ठेवला.

"हा खोटारडा आहे. तुझ्याकडेच राहू दे."

अंतोनने रेडिओ उलटा केला, झाकण उघडून सेल काढून टाकले आणि डोळे पुसले. मग समोरची कॉफी मी घोट घ्यायच्या आधीच गटागटा प्यायला.

कोस्मेने मात्र स्वतःचा कप आधी माझ्याकडे सरकवला.