जावयाची नळी आणि गुंडूची जीभ

गुंडूची जीभ त्याच्या गावात, कोडोलीत, सगळ्यांना माहीत होती. कोल्हापुरातल्या शाहूपुरीला ती कळायला थोडा वेळ लागला, एवढंच.

कोल्हापुरात आल्यावर तो आधी एका चहाच्या हॉटेलात लागला. एका गिऱ्हाइकानं कपाला बोट लावून म्हटलं, "चहा गार हाय रं." गुंडू म्हणाला, "मग फुकायचा तरास वाचला की, पावणं." हॉटेलभर हशा पिकला आणि तो संपायच्या आत गुंडू फडकं खांद्यावरच घेऊन रस्त्यावर उभा होता. मग एका आचाऱ्याच्या हाताखाली लग्नांत वाढायला जाऊ लागला. तिथं नवरीच्या मामानं तक्रार केली की जिलेबी चावत नाही. गुंडूनं जिलेबीकडं बघितलंसुद्धा नाही. वाकून मामाच्या तोंडात बघितलं आणि म्हणाला, "थांबा, दात हायती का ते आदी बघू." लग्नाचा सगळा खर्च त्याच मामानं उचललेला होता, हे गुंडूला दुसऱ्या दिवशी काम गेल्यावर कळलं.

तिसरं काम मिळालं ते धोंडुबाईंच्या खानावळीत. साल त्र्याण्णव-चौऱ्याण्णवचं. आणि हे कामही गेलं, तर पुढं काय, ते त्याच्या बायकोनं, तानाबाईनं, त्याला सरळ सांगून ठेवलं होतं. गेलं तर परत कोडोलीला, थोरल्या भावाच्या दारात. भाऊ देवमाणूस, पण वहिनी झुंबरबाई. ती गुंडूला कधी टाकून बोलली नाही. त्याच्या ताटात भाकरी टाकायची आणि गल्लीतल्या बायकांकडं बघून कौतुकानं म्हणायची, "आमच्या धाकल्याची भूक बाकी राजाची हाय. कामाचं काय, हुतंय की कवातरी." ते कौतुक ऐकून ऐकून तानाबाईच्या घशाखाली घास उतरत नसे. आत्ता कुठं कसबा बावड्यात एक खोली भाड्यानं घेऊन दोघं सुखानं आमटी-भाकरी खात होते.

"दोन कामं तुमच्या जिभंनं खाल्ली," तानाबाई म्हणाली. "तिसरं खाल्लं तर कोडोलीला तुम्ही एकटं जावा. मी न्हाय यायची."

धोंडुबाईंबद्दल शाहूपुरीत बोललं जाई ते थोडं खरं, थोडं चविष्ट. त्यांचा नवरा गेला होता हे खरं. पण देवाघरी नव्हे, निपाणीला गेला होता, आणि तिथं त्याचं दुसरं बिऱ्हाड झकास चाललं होतं. बाईंनी चार दिवस कपाळाला हात लावला आणि पाचव्या दिवशी चूल पेटवली. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसांमागच्या बोळात बाकडी टाकली, सुक्कं मटण, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा आणि तव्यावरची गरम भाकरी. ट्रकवाले, हमाल, दुकानांतली गडीमाणसं जेवायला येत. नवऱ्यानं एकदा निपाणीहून चवीची ख्याती ऐकून चक्कर टाकली म्हणतात. बाईंनी त्याला पोटभर जेवू घातलं आणि बिल लावलं. खरं-खोटं त्या दोघांना ठाऊक.

पहिल्याच दिवशी बाईंनी गुंडूच्या हातात रश्शाची बादली आणि ओगराळं दिलं आणि म्हणाल्या, "तुझी कीर्ती आलीय माझ्या कानावर. आता ऐक. माणूस बसला की पयलं पाणी. तांब्या आपटायचा न्हाय, ठेवायचा. मग पांढरा वाढ. पयल्या वाटीच्या आदी माणूस काय बी बोलला तर ते कानात घ्यायचं न्हाय. ते त्यो बोलत न्हाय, भूक बोलती."

"आन जेवल्यावर बोलला तर?" गुंडूनं विचारलं. खोड काढायची सवय जाते थोडीच.

"जेवल्यावर बोलला तर त्यो सोता बोलतोय. तवा तू तोंड उघडायचं न्हाय, मला हाक मारायची."

गुंडूला वाटलं, बाई आपल्याला पोरगं समजतात. पण हळूहळू गंमत त्याच्या ध्यानात यायला लागली. दुपारी एकच्या सुमाराला हमाल यायचे तेच मुळी ओरडत. "ए गुंड्या, मेलास काय रं?" गुंडू 'न्हाय' म्हणायचा नाही, 'येतंय' म्हणायचा. भाकरीला उशीर असला तरी 'येतंय'. तांब्या ठेवायचा, वाटीत पांढरा ओतायचा. तो आलं-मिऱ्याचा वाफाळता घोट पोटात गेला की त्याच हमालाचा आवाज खाली यायचा आणि तो विचारायचा, "गुंडूदा, बावड्याची खोली गळती का रं अजून?" असलं पाच-सहा महिने बघितल्यावर गुंडूला त्या बादलीचा मोठा आधार वाटू लागला. उत्तर जिभेवर आलं की हातातलं ओगराळं पुढं करायचं. जीभ वळवळायची, पण हात कामात असला की तिचं फारसं चालत नसे.

मग पिराजीशेठच्या लेकीची सोयरीक जमली.

पिराजीशेठ म्हणजे शाहूपुरीतलं मोठं प्रस्थ. त्याच्या ट्रकांवरचे ड्रायव्हर, क्लीनर, हमाल, सगळे दोन्ही वेळा बाईंकडंच जेवायचे. म्हणजे निम्मी खानावळ त्याचीच माणसं. सुपारी फुटल्यावर शेठ नव्या व्याह्यांना आणि होणाऱ्या जावयाला घेऊन थेट खानावळीत आला. बाईंनी आतून थाळ्या लावल्या. एका थाळीत मटणावर चांगली लांबरुंद, मगजानं भरलेली नळी ठेवली आणि गुंडूला बजावलं, "ही जावयाला. दुसऱ्या कुणाला न्हाय."

नव्या जावयाला नळी द्यायची, हे इकडं कुणाला शिकवावं लागत नाही. पण जावई ओळखायला यावा लागतो. खरा जावई स्कूटरवरून धुरळा खात आलेला, साधा शर्ट, अंगानं काडी, लाजून बाकड्याच्या टोकाला बसलेला. आणि मधोमध कोण? तर शेठचा ड्रायव्हर जोतीराम. मालकाच्या लेकीची सोयरीक म्हणून त्यानं आपल्या लग्नातला सफारी काढला होता, केसांना तेल, मनगटात सोनेरी पट्ट्याचं घड्याळ, आणि कपाळाला सुपारीच्या कार्यक्रमातलं मोठ्ठं गंध. एरवी तेलकट बनियनमध्ये दिसणारा हा माणूस गुंडूनं ओळखलाच नाही. त्यानं अदबीनं वाकून नळीची थाळी जोतीरामपुढं ठेवली.

जोतीरामनं नळी बघितली. चूक त्याला कळली नसेल असं नाही. पण समोर आलेली नळी परत कर म्हणणं, हे कोल्हापुरात कुणाकडूनही अपेक्षू नये. त्यानं ती उचलली, ताटाच्या काठावर टक टक हाणली आणि डोळे मिटून सुर्रकन ओढली.

सगळी खानावळ बघत होती. व्याह्यांच्या मिशा हलायला लागल्या. शेठचं तोंड तांबड्या रश्शासारखं झालं.

"अरं खुळ्या, डोळं हायती का खापरं? ड्रायव्हरला नळी?"

गुंडूला चूक कळली. पण पहिली वाटी अजून वाढायची होती. त्यानं ओगराळं भरलं, शेठच्या वाटीत पांढरा ओतला. आतून बाईंनी जावयासाठी दुसरी नळी पाठवली. व्याही मोठ्यानं हसले, म्हणाले, "शेठ, तुमचा ड्रायव्हर आमच्या पोराहून देखणा हाय, ह्याला आम्ही काय करावं?" सगळं निभावलं असं गुंडूला वाटलं.

निभावलं नव्हतं. ते हसणं शेठच्या घशात अडकून बसलं होतं. तो जेवला, पोटभर जेवला. भिंतीवर 'ताटात हात धुऊ नये' असं रंगवलेलं असताना ताटातच हात धुतले, ढेकर दिला आणि गुंडूला बोट वाकवून बोलावलं.

"ताट उचल. आन ह्या पावण्यांच्या पाया पड."

ताट उचलणं हे गुंडूचं कामच होतं. त्यानं ते उचललं. जावयाकडं वळून मान झुकवली. "चूक माझी झाली, पावणं."

"ऱ्हाऊ द्या की मामा," जावई शेठला म्हणाला. बिचारा घामानं भिजला होता.

शेठ थांबला नाही. "तुझ्या आईनं तुला माणूस वळखायला शिकवलं न्हाय? का घरात कोण कोण येतंय ते तिलाच वळखू येत न्हवतं?"

बाकड्यावरचे घास हवेत थांबले. गुंडूची आई तो मिसरूडही न फुटलेल्या वयात असताना गेली होती. रानात भांगलणी करून तिनं दोन पोरं वाढवली होती.

त्याच्या जिभेवर उत्तर तयार होतं. ते काय होतं, हे पुढं त्यानंच बऱ्याच जणांना सांगितलं आणि सगळ्यांचं मत पडलं की असलं उत्तर वाया जायला नको होतं: 'शेठ, तुमचा ड्रायव्हर मालक दिसतोय आन तुम्ही ड्रायव्हर, त्यात माझ्या आईचा काय दोष?' जीभ टाळ्याला लागलीसुद्धा होती. हातात बादली नव्हती, उष्टं ताट होतं. ते त्यानं हळूच टेबलावर ठेवलं.

"पावणं, हितनं पुढचं काम माझं न्हाय. बाईंना बोलावतो."

त्यानं आत हाक मारली.

धोंडुबाई हाताला पीठ तसंच घेऊन बाहेर आल्या. गुंडूकडं बघितलं, ताटातल्या पाण्याकडं बघितलं. काय झालं ते कोपऱ्यातल्या एका हमालानं खालच्या आवाजात सांगितलं.

"शेठ," बाई म्हणाल्या, "नळी चुकली ती आमची चूक. दुसरी नळी दिली, माफी मागितली, मिटलं. आता त्याच्या आईवरनं बोललासा, ही तुमची. ही कशी मिटवायची ते तुम्ही सांगा."

"वाढप्याची बाजू घेतासा? उद्यापासनं माझा एक माणूस हितं जेवायला येणार न्हाय."

"नका येऊ देऊ. माझी चूल हाय, माणूसबी माझा हाय. पावण्यांसमोर ह्यापेक्षा जास्त बोलायचं न्हाय मला. सावकाश जावा, पायरी मोडकी हाय."

शेठ गेला आणि त्यानं बोलल्याप्रमाणं केलं. दुसऱ्या दिवशी निम्मी बाकडी मोकळी. बाईंनी पीठ कमी मळलं, मटण कमी आणलं. गुंडूनं दोन दिवस कसेबसे काढले. तिसऱ्या दिवशी सकाळीच तो चुलीपाशी जाऊन उभा राहिला.

"बाई, मी जातो कोडोलीला. माझ्यापायी तुमचं नुकसान नको."

"तानाबाईला सांगितलंस?"

"न्हाय."

"मग आदी तिच्या हातचा मार खा आन मग जा." बाई भाकरी थापत राहिल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "त्या दिवशी तू तोंड उघडलं असतंस तर मीच हाकलला असता तुला. तू हाक मारलीस. आता हाक ऐकून आलेली मी माघारी जाईन व्हय? बादली उचल."

गुंडूनं बादली उचलली. डोळे भरले होते. चुलीचा धूर होता म्हणून बरं झालं. संध्याकाळी तानाबाईला त्यानं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "जल्मात पयल्यांदा तुमच्या बाजूनं कोणतरी बोललं. आन ती मी न्हाय, ह्येची मला लाज वाटती."

पिराजीशेठनं माणसांना दुसऱ्या खानावळीत जोडून दिलं होतं. तिथं रस्सा मोजून, दुसरी वाटी मागितली की मालक भुवया वर करायचा. कोल्हापूरच्या माणसाला पगार मोजून चालतो, रस्सा मोजून चालत नाही. आठवडाभरात पहिला जोतीराम मागच्या बोळातून आला, सफारीविना. मग दोन हमाल आले. मग क्लीनर. शेठचा ट्रक दिसला की सगळे ताटासकट आत चुलीकडं पळायचे. बाई ओरडायच्या आणि तिथंच वाढायच्या.

तिकडं जावयाचं वेगळंच. लग्न पार पडलं आणि तो सासरी आला की म्हणायचा, "मामा, जेवायला त्या बाईंच्याकडं जाऊ या की." शेठनं दोन-तीनदा टाळलं. शेवटी जोतीराम निरोप घेऊन आला. "शेठ इचारत्यात, आलं तर चालंल का?"

"मला काय इचारतोस?" बाई म्हणाल्या. "शेठ बोलला कुणाला हुता? त्याला इचार."

एवढ्या मोठ्या माणसानं खानावळीत यावं की नाही, हे गुंडूला विचारलं जात होतं. त्यानं फडकं झटकलं, घडी घातली, परत झटकलं.

"येऊ दे," तो म्हणाला. "पाया पडू नका म्हणावं, माफीबी नको. माझ्या आईचं नाव तेवढं इचारा म्हणावं."

रविवारी दुपारी शेठ आला. जावयाला घेऊन मधल्या बाकड्यावर बसला. गुंडूनं तांब्या ठेवला. शेठ टेबलावरच्या सनमायकाकडं बघत राहिला.

"आईचं नाव काय रं तुझ्या?"

"पारूबाई."

"पारूबाई," शेठ म्हणाला. "बरं. रस्सा आण."

गुंडूनं वाटी काठोकाठ भरली.

पुढं दोन हजार सालानंतर हायवेला मोठी हॉटेलं झाली. एका मॅनेजरनं गुंडूला बोलावलं, पगार जास्त, वर टाय. गुंडूनं एकच विचारलं, "गिऱ्हाईक वंगाळ बोललं तर बाहेर कोण येतंय?" मॅनेजर हसून म्हणाला, "गिऱ्हाईक कधी चुकत नसतं." गुंडूनं त्याचा चहा पिऊन रामराम केला आणि शाहूपुरीला परतला. तोवर बाईंचे गुडघे गेले होते, त्या गल्ल्यावर बसायच्या आणि नवे वाढपी गुंडूच्या हाताखाली होते. त्यातला कुणी गिऱ्हाइकावर चिडून आत आला की तो त्याला स्टुलावर बसवायचा आणि स्वतः बाहेर जायचा.

दसऱ्याला तो कोडोलीला जातो, पण सोनं आधी धोंडुबाईंना देतो. भाऊ थोरला, खरं तर पहिला मान त्याचा. त्यामुळं दरवर्षी झुंबरबाई गल्लीला ऐकवते की आमच्या धाकल्याला शहरात नवं घर घावलं. गुंडू पायरीवर बसून ऐकतो आणि म्हणतो, "व्हय वहिनी, घावलं."

बाई तिकडं गल्ल्यावर आपट्याची पानं उलटीसुलटी करून बघतात, किडकी आणलीस म्हणून त्याला शिव्या घालतात आणि पदराच्या टोकाला बांधून ठेवतात.