थिएटरात वाजलेली बेल

या ग्रुपवरचे असले गूढ अनुभव मी चहा पिता पिता वाचते आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा हसून सोडून देते. माझा स्वभावच तसा आहे. मी एक्स-रे टेक्निशियन... जे डोळ्यांना दिसत नाही ते मशीनवर दिसलं तरच मानायचं, असं माझं साधं गणित. त्यामुळे हे लिहायला मीच बसेन असं कधी वाटलं नव्हतं.

छत्रपती संभाजीनगरात, जालना रोडच्या आतल्या बाजूला एका लहान हॉस्पिटलात मी नोकरी करते. मणक्याची ऑपरेशनं चालू असताना थिएटरात सी-आर्म चालवते. म्हणजे ते मोठं वाकलेलं मशीन, ज्याच्यावर डॉक्टरांना आतली हाडं जागच्या जागी दिसतात. तर त्या दिवशी टेबलावर पेशंट होती माझी आई.

आई एसटीत कंडक्टर आहे. पाचोडच्या शेतकरी घरातल्या बाईनं खाकी घातली तेव्हा भावकीनं बरीच नाकं मुरडली होती. पण बाजाराच्या दिवशी पाचोडच्या गाडीत कुणी तिला बघावं! टोपल्या, पोती, लेकरं, सगळ्यांच्या मधून वाट काढत ती मागून पुढं जायची. कोण कुठं उतरणार हे तिच्या ध्यानात असायचं. तिच्याच पगारावर आम्ही मुकुंदवाडीत घर केलं, तिच्याच पगारावर माझं शिक्षण झालं. शाळेत कुणी विचारलं, आई काय करते, की मी मोठ्यानं सांगायची.

मागच्या वर्षी तिच्या कमरेतून कळ निघायला लागली. डाव्या पायातून थेट अंगठ्यापर्यंत. पुढं पुढं तर चालताना चप्पल पायातून निसटायची आणि तिला कळायचंसुद्धा नाही. एमआरआय केला. मणक्यांमधली गादी सरकून तिचा तुकडा नसेवर बसला होता. आमच्या हॉस्पिटलचे सर्जन, म्हणजे आमचे सर, म्हणाले, आणखी थांबलात तर पायातली ताकद परत येईलच असं सांगता येणार नाही.

मामा पाचोडहून आले ते ऑपरेशन करू नका हे सांगायलाच. पाठीला चाकू लागला की माणूस खाटेला खिळतो, त्यापेक्षा डेपोत बसून करायचं काम माग, असं त्यांचं म्हणणं. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बसून करायचं काम मला नगं, दादा. मला माझी गाडी पायजे."

सरांनी मामांना नीट समजावलं. आता पाठ उघडत नाहीत. नखाएवढा छेद, त्यातून पेन्सिलीएवढी नळी, नळीत कॅमेरा. तेवढीच जागा बधिर करायची, पेशंट जागाच असतो. नसेला जरा धक्का लागला तर तोच सांगतो. मामांना ते काही पटलं नाही.

त्या सकाळी सरांनी मला विचारलं, आज मशीनवर दुसरं कुणी उभं करू का? मी नाही म्हटलं. माझ्या आईचा मणका मीच दाखवणार होते.

आई पालथी झोपली होती. दोन्ही हात डोक्याच्या बाजूंना, गादीच्या पट्ट्यांवर. एका हाताला सलाईन, दुसऱ्याच्या बोटाला ऑक्सिजनचा चिमटा. हे मुद्दाम सांगते, कारण तिचे हात सगळा वेळ माझ्यासमोर होते. भूल देणाऱ्या मॅडम तिच्या डोक्याशी बसल्या होत्या. सुरू करायच्या आधी आईनं तशीच पालथी असताना सरांना सांगितलं, "डॉक्टरसाहेब, दमानं घ्या. माझी काय घाई नाय."

सगळं ठरल्यासारखं चाललं होतं. नळी आत गेली, पाण्याची धार सुरू झाली, स्क्रीनवर ओल्या खोबऱ्यासारखा पांढरा तुकडा दिसला. सरांनी बारीक चिमटा आत घातला. चिमट्याची तोंडं तुकड्याच्या दोन्ही बाजूंना उघडली. आता मिटणार, एवढ्यात...

टण्.

एकदाच. मॉनिटरची बीप नव्हती ती. आधी दोरीची खरखर आणि मग पत्र्यातून येतो तसा घुमलेला आवाज. मी लहानपणी सुट्टीच्या दिवशी आईच्या गाडीत बसून फिरलेली मुलगी आहे. एसटीची बेल मी झोपेतही ओळखेन.

सरांचा हात जागीच थांबला. "अलार्म कसला?"

मॅडमनी मॉनिटर बघितला. अलार्म कसलाच नाही, सगळं नॉर्मल आहे, म्हणाल्या. त्यांनी काही ऐकलंच नव्हतं. पण सामान देणाऱ्या सिस्टरनं ऐकलं होतं. ती मास्कवरून माझ्याकडंच बघत होती.

सरांनी चिमटा न मिटता मागं घेतला, पाण्याची धार वाढवली आणि कॅमेरा थोडा फिरवला. आम्ही ज्याला गादीचा तुकडा समजत होतो, त्याच्या खालच्या अर्ध्या भागात नस होती. दोन नसा एकाच मुळातून जोडून निघालेल्या, त्यातली एक भलत्याच जागी. अशी जोडनस एमआरआयवर बहुतेक वेळा कळत नाही, हे मला नंतर समजलं. पेशंट जागा असतो, खरं आहे. पण आई ओरडेपर्यंत चिमटा मिटला असता.

"ही इथं असायला नको होती," सर हळूच म्हणाले.

मग त्यांनी दुसऱ्या बाजूनं, खरंच दमानं, तुकडा मोकळा करून बाहेर काढला. दबलेली नस वर आली आणि पाण्यात हलकेच थडथडू लागली. सरांनी एकदा शेवटची पाहणी केली, आणि नळी काढायच्या बेतात असताना पुन्हा तोच आवाज आला. या वेळी दोनदा. टण् टण्.

एक बेल म्हणजे थांब आणि दोन म्हणजे चला, हे आपल्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही. या वेळी सरांनी नळी सरळ बाहेर काढली.

संध्याकाळी आई माझा हात धरून वॉर्डात चालली. मामा दारात उभे होते, बघतच राहिले.

पुढं मी आणि सिस्टरनं थिएटर पालथं घातलं. कुठला ट्रे पडला होता का, लिफ्टचा आवाज होता का, कुणाच्या फोनची रिंगटोन होती का... काही जुळेना. ऑपरेशनचं रेकॉर्डिंगही बघितलं. त्यात आवाज नसतोच. पण उघडा चिमटा नसेच्या दोन्ही बाजूंना येऊन थबकलेला अगदी स्वच्छ दिसतो. सरांना विचारलं तर म्हणाले, मी तालुक्याच्या शाळेत एसटीनं जायचो, तो आवाज आला आणि मला काही कळायच्या आधी हात थांबला होता. एवढंच.

काही महिन्यांनी आई ड्यूटीवर हजर झाली. पाचोडच्या गाडीवरच. पहिल्या दिवशी मी मुद्दाम तिकीट काढून मागच्या सीटवर बसले. गाडी हेलकावे घेत होती आणि ती दोन्ही पायांवर ताठ उभी होती. शेजारच्या बाईला मी न विचारता सांगितलं, ही माझी आई.

हे कसं झालं ते मला आजही सांगता येत नाही. भास म्हणावा तर तिघांना एकदमच झाला, आणि खरं म्हणावं तर मॅडमनी काहीच ऐकलं नाही. आई जागी होती, पण तिनंही काही ऐकलं नव्हतं. तिला मी हे सगळं सांगितलं तेव्हा ती दारात बसून शेंगा निवडत होती. ती घाबरली नाही, तिनं हातही जोडले नाहीत. फक्त विचारलं, "पयल्यांदा एकच वाजली?"

"हो."

"अन् डॉक्टर लगेच थांबले?"

"लगेच."

आईनं मान डोलावली. "मग ड्रायवर चांगला हाय," म्हणाली. "लई जण थांबत नसतेत."