काठी मोकळी नाही

संक्रांतीच्या आधीचा रविवार, सकाळची वेळ. ठिकाण: नेरूळचा तलाव, पलीकडच्या टोकाचा बाक. हजर: मी, सासूबाई आणि त्यांची काठी. गैरहजर: आमचे हे, कारण झोप. तुळशीच्या लग्नापासून अडकलेली तलावाची पूर्ण फेरी आम्ही दोघींनी मारली.

घरातल्या कामांची मी यादी करते आणि फ्रिजवर लावते. तुळशीच्या लग्नानंतरच्या यादीत सगळ्यांत वर होतं, गॅलरीतला आकाशकंदील उतरवणे. स्टुलावर चढले. हात हुकापर्यंत पुरेना, म्हणून मोठं स्टूल आणायला खाली उतरले, तर पाय वाकडा पडला आणि घोटा मुरगळला. संध्याकाळपर्यंत त्याचा बटाटेवडा झाला. एक्स-रेमध्ये हाड शाबूत निघालं. डॉक्टरांनी क्रेप बँडेज बांधलं, बर्फ सांगितला आणि पाय उशीवर ठेवून बसायला लावलं.

माझं बसणं एक वेळ चाललं असतं. प्रश्न सासूबाईंचा होता. त्यांना मी आत्या म्हणते, आमच्या साताऱ्याकडे तशीच पद्धत. रोज संध्याकाळी त्या माझा दंड धरून तलावावर यायच्या. त्यांचे गुडघे झिजलेत. चालत राहिल्या तर चालतील, एकदा बसल्या तर उठवणं अवघड, असं डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. आता माझा दंड पलंगावर, म्हणून आत्या खुर्चीत. यांचा कारखाना तळोज्याला, घरी येईपर्यंत जेवणाची वेळ होते. थोड्याच दिवसांत खुर्चीतून उठताना आत्या दोन्ही हात टेकायला लागल्या. ते बघून मी घोट्याचं दुखणं विसरले.

काठी घरात होती. यांनी गेल्या वर्षी आणलेली, वाकड्या मुठीची, चांगली भक्कम. आत्यांनी तिचा एकच उपयोग केला होता, उंच दोरीवर कपडे ढकलायचा. चालायला घ्या म्हटलं की ठरलेलं उत्तर, "काठी घिऊन फिराया मी काय म्हातारी हाय?" वय अठ्ठ्याहत्तर!

सूज उतरल्यावर ती काठी मीच घेतली. फिजिओथेरपिस्ट मुलगी घरी यायची. तिने काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायला शिकवलं आणि व्यायाम दिला, पायाच्या अंगठ्याने हवेत मुळाक्षरं गिरवायची. आत्या समोर बसून बघत होत्या. मी 'ग'पाशी पोचले तेव्हा म्हणाल्या, "मलाबी दाव की."

मग रोज सकाळी आम्ही दोघी समोरासमोर बसून पाय उचलून लिहायचो. 'ळ' आला की आत्या पाय खाली ठेवायच्या. "ह्याला गिरक्या लई. ह्यो तुझा तू काढ."

पहिल्यांदा खाली उतरले तेव्हा माझ्या एका हातात काठी, दुसऱ्या दंडाला आत्या. सोसायटीच्या बाकावर बी विंगच्या काकू आपल्या मैत्रिणींसह बसल्या होत्या. त्या हसूनच म्हणाल्या, "अरे बापरे, डायरेक्ट काठी? सासूच्या आधी सून म्हातारी झाली की!"

मी काही बोलायच्या आत आत्या कडाडल्या, "म्हातारी कशापायी? पाय मुरगळलाय तिचा. काठी पायाला लागती, वयाला न्हाई."

वर जाताना लिफ्टमध्ये मला राहवलं नाही. "आत्या, गुडघा पायातच येतो ना?"

"बटान दाब," आत्या म्हणाल्या.

मी तो विषय पुन्हा काढला नाही. बाकावरच्या अख्ख्या पंचायतीसमोर बोललेला शब्द आत्या मागे घेणार नाहीत, एवढी मला खात्री होती. मी फक्त व्यायाम वाढवत गेले. भिंतीला टेकून टाचा उचलणं, एका पायावर उभं राहणं, जिना चढणं. ज्या दिवशी काठीशिवाय गेटपर्यंत जाऊन आले, त्या दिवशी ती पुसून दाराशी उभी करून ठेवली. दारामागे मुद्दाम ठेवली नाही.

संध्याकाळी आत्या चपला घालून दाराशी हजर. "तुझं झालं न्हवं हिच्याशी काम? दे हिकडं."

कुठल्या हातात धरायची ते सांगायला मी तोंड उघडलं, तर त्यांनी बरोबर हातात धरली होती. जास्त दुखणारा गुडघा डावा, काठी उजवीकडे. फिजिओथेरपिस्ट शिकवत होती मला, शिकत होतो आम्ही दोघी.

आधी गेटपर्यंत, मग सिग्नलपर्यंत, मग तलावाच्या पहिल्या बाकापर्यंत. आणि त्या रविवारी पूर्ण फेरी. माझा दंड रिकामाच होता. वळणावर मी चपलेचा पट्टा नीट करायला थांबले, तर आत्या पुढे निघूनही गेल्या. वळून ओरडल्या, "चल की गं! अजून लंगडतीस व्हय?" शेजारून धावणारी दोन तरुण पोरं हसली. मीही हसले आणि खरंच पळत जाऊन आत्यांना गाठलं. घोट्याने कुरकुर केली नाही. येताना काकू सोसायटीच्या बाकावरच होत्या. आत्यांनी त्यांच्याकडे पाहून काठी जमिनीवर दोनदा आपटली आणि पुढे झाल्या.

फ्रिजवरच्या नव्या यादीत वरचं काम जुनंच आहे. कंदील अजून गॅलरीतच लटकतोय, रंग पार उडालाय. स्टुलावर चढायला आत्यांनी मला बंदी घातली आहे आणि यांचा रविवार दर वेळी पुढचाच असतो. काठीच्या वाकड्या मुठीने तो खालूनच हुकातून निघेल, हे मला उशिराच सुचलं. म्हणून काल संध्याकाळी काठी मागितली.

"मोकळी न्हाई," आत्या म्हणाल्या आणि चपला घालून निघाल्या.