थेंबेरावांची बादली

रस्त्याकडेच्या झाडांना पाणी घालणारा टँकर ते चालवत. नगरपालिकेच्या खात्यातले लोक त्यांना थेंबेराव म्हणत, आणि ते नाव काही लाडानं ठेवलेलं नव्हतं. पाण्याच्या बाबतीत माणूस पक्का चिक्कू. नळ बंद केल्यावर पाइपात उरलेलं पाणीसुद्धा झटकून आळ्यात टाकायचे.

हिवाळ्यात त्यांना जास्त काम. पानं गळाली की लोकांना वाटतं, झाड झोपलं, आता त्याला पाणी कशाला? झोपलेल्याला तहान लागत नाही असं कोणी सांगितलं? पण लोकांशी वाद घालणं थेंबेरावांना कधी जमलं नाही. ते आपले ऊन वर आलं की निघत, बुंध्यापासून लांब मातीत बोट खुपसत आणि आत कोरडं लागलं तरच पाणी सोडत. ओलं लागलं की पुढचं झाड. आग्रह नाही.

बायको होती तोवर त्यांच्या वाटचं बोलणंही तीच उरकायची. कोपऱ्यावर तिचं शिवणकामाचं दुकान होतं. गिऱ्हाइकांना सावली हवी म्हणून दारात तिनं एक झाड लावलं, आणि ते दुकानाच्या पाटीएवढं झालं तेव्हा एका उन्हाळ्यात ती गेली. त्या उन्हाळ्यापासून दुकान तिची धाकटी बहीण चालवते. घरी थेंबेराव एकटे. कुलूप उघडल्याचा आवाज दोन्ही खोल्यांत घुमायचा, मग बराच वेळ कसलाच आवाज नसायचा.

म्हणून काम संपलं की ते आधी दुकानाशी यायचे. मोरीतल्या नळावर बादली भरायची आणि झाडाला बारीक धारेनं घालायची. धार चालू असेपर्यंत ते बायकोशी बोलायचे. आज अमक्या रस्त्यावर फांदी मोडली, गुडघा दुखतोय, असलंच काहीतरी. पाण्याच्या आवाजात आपलं बोलणं कोणाला ऐकू जात नाही अशी त्यांची समजूत होती. बादली रिकामी झाली की बोलणं संपायचं. मग ते दुसरी भरायचे.

"भाऊजी, रोज कशाला?" मेव्हणीनं एकदा मशीनवरून मान वर न करता विचारलं. "थंडीत एवढं लागतं का त्याला?"

"माती कोरडी वाटली," ते म्हणाले.

साफ खोटं. गावभरच्या झाडांच्या मुळाशी बोट घालणाऱ्या या माणसानं या एका झाडाच्या मातीला बोट लावलं नव्हतं. ओलं लागलं असतं तर घरी जावं लागलं असतं.

थंडी सरत आली. रस्त्यावरच्या झाडांच्या फांद्यांना कोंबांचे डोळे फुगले, हे मात्र तसंच काळवंडून उभं. एका संध्याकाळी मेव्हणी कात्री घेऊनच बाहेर आली. तिनं कात्रीचं टोक आळ्यात खुपसलं आणि निघालेला चिखल त्यांच्या नाकापुढे धरला. आंबूस, कुजका वास.

"भाऊजी, मुळं सडली आहेत. ताईचं झाड आहे हे."

"पाणी जास्त होतंय, मला माहीत होतं," थेंबेराव म्हणाले आणि भरलेली बादली हातात घेऊन तसेच उभे राहिले. आयुष्यात कोणाला थेंब जास्त दिला नाही, आणि जिच्यावर जीव होता तिचंच झाड बुडवलं. लाज वाटली, त्याहून भीती वाटली.

मेव्हणीनं बादली काढून घेतली. रागावली असती तर बरं झालं असतं. दोघांनी मिळून आळं फोडलं, चिखल बाहेर ओढला, मुळांना वारा लागेल असं केलं. एका फांदीवर तिनं नखानं ओरखडा काढला. आत हिरवं होतं, पण अगदी पुसट.

"आता पाणी बंद," ती म्हणाली. "जगलं तर जगलं."

दुसऱ्या दिवशी थेंबेराव सवयीनं आलेच. मोरीतून बादली उचलली, नळाकडे पाहिलं आणि रिकामीच बाहेर आणली.

"आज काय काम?" मेव्हणीनं आतून विचारलं.

"काही नाही."

त्यांनी झाडाशेजारी बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसले. धारेच्या आवाजाशिवाय तोंड उघडेना. रस्त्यानं माणसं जात होती, सगळ्यांना ऐकू गेलं असतं. आत मेव्हणी गुडघ्यावर कापड घेऊन त्यांच्याकडे बघत होती. मग तिनं ते कापड सुईखाली सरकवलं आणि मशीन जोरात चालवायला घेतलं.

"गुडघा आज जरा बरा आहे," थेंबेराव झाडाला म्हणाले.